कुजबुजणारा सात नंबर

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्याबरोबर हसू नका. मनोरी गावात येऊन कुणालाही विचारा, "सात नंबर कुठाय?" शाळेतली पोरंसुद्धा तुम्हाला इव्हाच्या स्वयंपाकघराची खिडकी दाखवतील. तिथे मिठाच्या बरणीशेजारी मी बसलेला असतो. अंगावर निळ्या ऑइलपेंटने सात हा आकडा, झाकणातून वर आलेली वीतभर अँटेना आणि पुढे दोन दिवे, एक हिरवा आणि एक लाल. रंग उडाला आहे, एका बाजूला चीर गेली आहे. पण मी समुद्रावर सहा वर्षं निरोप वाहिले आहेत. तेव्हा थोडी ऐट केली तर चालवून घ्या.

जन्माने मी जेवणाचा डबा. झाकणाला रबर, चारी बाजूंनी चार खटके, आत पाण्याचा थेंब जाणार नाही अशी बनावट. इव्हाने मला मालाडच्या बाजारातून आणलं आणि माझ्यात सुकट भरून ठेवली. सुकटीचा तो वास आजही माझ्या कोपऱ्यांतून पुरता गेलेला नाही. मी तसाच फळीवर म्हातारा झालो असतो, पण एका रविवारी इव्हाची मुलगी रूथ स्वयंपाकघरात आली. रूथ अंधेरीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिने मला उचललं, झाकण दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, हा डबा मला दे."

"आणि सुकट काय डोक्यावर ठेवू?" इव्हा म्हणाली.

"कागदाच्या पिशवीत ठेव ना. पप्पासाठी पाहिजे."

'पप्पासाठी' म्हटल्यावर इव्हाने लगेच सुकट पिशवीत ओतली. कारण सांगतो. रूथचे वडील युस्टेस हे गावचे जुने नाखवा, म्हणजे होडीचे मालक आणि कप्तान. पहाटे समुद्रात जायचे, संध्याकाळी परतायचे. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज संपते. मोठ्या ट्रॉलरांवर मोठे रेडिओ असतात, पण आमच्या गावच्या छोट्या होड्यांवर तसलं काही नव्हतं. त्यामुळे इव्हाची रोजची संध्याकाळ जेट्टीकडे बघण्यात जायची. होडी दिसल्याशिवाय ती चुलीवर भात टाकायची नाही. उशीर झाला तर घरातले सगळे उपाशी बसायचे, पण तिचा हात काही तांदळाच्या डब्याकडे जायचा नाही.

रूथने एकदा तिला विचारलं होतं, "तुला समुद्रावरून काय काय कळायला पाहिजे?"

"मला भाव नको, गप्पा नको," इव्हा म्हणाली होती. "'बरा आहे' एवढा एक शब्द दे. मग मी भात टाकते."

मित्रांनो, त्या एका शब्दासाठी माझा दुसरा जन्म झाला. रूथने माझ्या पोटात एक छोटा रेडिओ बसवला, बॅटरी ठेवली, झाकणाला भोक पाडून अँटेना काढली आणि भोकाभोवती एम-सील लावून ते पक्कं बुजवलं. माझ्या अंगावर दोन बटणं बसवली. हिरवं दाबलं की 'बरा आहे', लाल दाबलं की 'मदत पाहिजे'. मोबाइल जोडला तर चार शब्द लिहूनही पाठवता यायचे. माझ्यासारखे आणखी आठ डबे तिने बनवले. एक घरात इव्हाच्या फळीवर ठेवला, बाकीचे आठ जण आम्ही आठ होड्यांच्या डोलकाठ्यांवर चढलो. मोसम सुरू होताना फादरांनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हा चार थेंब माझ्यावरही पडले. मी ते अंगावर वाळू दिले.

आता आमच्या कामाची पद्धत ऐका, कारण सगळी मौज तिच्यातच आहे. आम्हाला टॉवर नव्हता. आमच्यावर साहेब नव्हता. कुणाचं केबलचं कनेक्शन नव्हतं. प्रत्येक डब्याला फक्त आजूबाजूचे डबे ऐकू यायचे. मी माझा निरोप शेजारच्या होडीवरच्या डब्याला सांगायचा, त्याने पुढच्याला, पुढच्याने आणखी पुढच्याला, असा तो हातोहात घरी पोचायचा. दुसऱ्याचा निरोप आला की मी आपला बाजूला ठेवून तो आधी पुढे द्यायचा. हाच आमचा धर्म. त्यात एकच अडचण होती. एका जागी एका वेळी एकानेच बोलायचं. दोघे एकदम बोलले की दोघांचं बोलणं वाया जातं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी युस्टेसनी भर समुद्रात हिरवं बटण दाबलं. मी शब्द तीन नंबरला दिला, तीनने पाचला, पाचने घरच्या डब्याला. इव्हाच्या फळीवर हिरवा दिवा लागला. नंतर रूथने मला सांगितलं, इव्हा दोन मिनिटं दिव्याकडे बघत राहिली, मग डोळे पुसले आणि भात टाकला. युस्टेस घरी आले तेव्हा पान वाढलेलं होतं. बसल्या बसल्या म्हणाले, "आयला, भात गरम! आज काय सण आहे का?"

दोन वर्षं हे असं चाललं. रोज दुपारी तीनच्या सुमारास हिरवं बटण, रोज हिरवा दिवा, रोज गरम भात. रूथच्या कॉलेजातले लोक फेरीबोटीने आले आणि आमचे फोटो काढून गेले. एका पाहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारून "झकास!" म्हटलं. तेव्हापासून मी अँटेना जरा ताठच ठेवायला लागलो.

नऊ डब्यांचं एवढं छान चाललंय म्हटल्यावर प्रत्येकाला डबा पाहिजे झाला. आधी मनोरीच्या बाकी होड्या आल्या, मग गोराईच्या, मग मढच्या. रूथ सुट्टीच्या दिवशी बसून डबे जोडायची. तिसऱ्या वर्षी आम्ही एक्याऐंशी झालो. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी मनात हिशोब मांडला, नऊ डबे एवढं काम करतात, तर एक्याऐंशी डबे नऊपट करतील. सरळ गोष्ट आहे. तुम्हीही असाच हिशोब मांडला असता.

तो सपशेल चुकला.

नव्या डब्यांत बावन्न नंबर होता, तो दत्तारामांच्या होडीवर. दत्ताराम मूळचे मालवणकडचे. खलाशी म्हणून मनोरीत आले, स्वतःची होडी केली, इव्हाच्या समोरच्याच घरात बायको प्रेमासोबत राहायला लागले. माणूस कष्टाळू, पण घाईचा. आणि त्या घाईला कारण होतं बर्फ. आमच्याकडे बोंबील लागतो. बोंबील अगदी नाजूक, लगेच बर्फात गेला नाही तर खलास. गावात बर्फाची गाडी एकच यायची आणि जिच्या घरून आधी सांगणं जाईल तिला आधी बर्फ मिळायचा. म्हणून जाळं वर ओढलं रे ओढलं की दत्ताराम मोबाइलवरून घरी लिहायचे, 'बोंबील सहा टोपल्या, बर्फ सांग'. एकदा पाठवून भरवसा वाटायचा नाही, म्हणून पुन्हा. मग पुन्हा. एका दिवशी त्यांनी तोच निरोप चाळीस वेळा पाठवला. त्यांचं बघून बाकीचेही तसंच करायला लागले.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण आमचे लोक पडले समुद्रावरचे. इंजिनाच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडायचं, ही त्यांची जन्माची सवय. झाकणाखाली आवाज कमी-जास्त करायचं एक गोल बटण रूथने ठेवलं होतं. ते सगळ्यांनी शेवटपर्यंत फिरवलं. कुणी अँटेना बांबूला बांधून उंच केली. दत्ताराम म्हणाले, "माजो आवाज सरळ घराक गेलो पायजे. मधे दुसऱ्याचे हात कित्याक?" मी दत्तारामांना नावं ठेवतोय असं समजू नका, आमच्या युस्टेसनीही तेच केलं. बांबू बांधला, बटण फिरवलं, मला म्हणाले, "आता बोल जोरात!" आणि मीही बोललो. माझी छाती तर अशी फुगली होती की काय सांगू!

आणि त्या दिवशी, मित्रांनो, इव्हाच्या फळीवर हिरवा दिवा लागला नाही.

युस्टेसना काही झालं नव्हतं. ते मजेत होते, तीन वाजता त्यांनी बटण दाबलं होतं. 'बरा आहे' हा शब्द माझ्या पोटात होता. पण मी तोंड उघडलं की कुणीतरी ओरडत असायचं. थांबावं, पुन्हा तोंड उघडावं, तर दुसरंच कुणी. मी ओरडलो की इतर पन्नास जणांचं बोलणं वाया जायचं, ते ओरडले की माझं. त्यातून वेळ मिळाला की लोकांचे बोंबील पुढे ढकलायचे, टोपल्यांवर टोपल्या. संध्याकाळ झाली. होडी जेट्टीला लागली. शब्द अजून माझ्याच पोटात होता.

इव्हा जेट्टीवर उभी होती. अनवाणी. हातात तांदूळ मोजायचं माप तसंच होतं.

"काय गं, इथे काय करतेस?" युस्टेसनी विचारलं.

तिने माप पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "दोन वर्षं रोज आलेला शब्द एक दिवस येत नाही, तेव्हा माणूस मेला असं वाटतं. कळतं का तुला? आधी काही कळायचं नाही ते बरं होतं. डबा उतरव तो. उद्यापासून नको."

मला वाटलं, आता जेट्टीवरून खाडीत पडलो तर बरं. ज्या एका शब्दासाठी मला बनवलं तोच मी पोचवला नव्हता. युस्टेसनी मला उतरवलं आणि घरी नेऊन टेबलावर ठेवलं.

मग रूथ आली. दुपारी खाल्लेल्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या ताटात तशाच पडल्या होत्या. तिने त्या धुतल्या आणि टेबलावर मांडायला लागली. तीन ओळी, ओळीत तीन.

"मम्मी, इकडे बघ. हे नऊ डबे. या टोकाचा निरोप त्या टोकाला जायला किती हात लागतात?"

"तीन," इव्हा नाराजीनेच म्हणाली.

रूथने आणखी शिंपल्या मांडल्या. कमी पडल्या म्हणून राजम्याचे दाणे ठेवले. नऊ ओळी, ओळीत नऊ. टेबल भरून गेलं. "आणि आता?"

"नऊ."

"म्हणजे प्रत्येक निरोपाला तिप्पट हात. डबे नऊपट झाले, पण प्रत्येक डब्याचा वेळ दुसऱ्यांची ओझी वाहण्यात जायला लागला. सगळे शहाण्यासारखे वागले तरी सगळ्यांचं मिळून काम तिप्पटच होतं, नऊपट नाही. प्रत्येकाच्या वाट्याला आधीच्या वाट्याचा तिसरा हिस्सा. मीच हे आधी बघायला पाहिजे होतं."

युस्टेस पुढे सरकले. "मग जोरात बोललं तर? मधले हातच नकोत."

"पप्पा, तू जोरात बोललास की हे सगळं टेबल गप्प बसतं. एक बोलणार आणि ऐंशी थांबणार. त्यापेक्षा कुजबुजलास तर फक्त शेजारचे दोन-चार थांबतात. टेबलाच्या त्या कोपऱ्यात दुसरे दोघे त्याच वेळी बोलू शकतात, इथे तिसरे दोघे. हात जास्त लागतात, पण एकदम वीस जोड्या बोलतात."

मी टेबलाच्या कडेला होतो. मला एकदम लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोष माझ्या ताकदीचा नव्हता. ताकद जास्त वापरल्याचा होता.

पुढच्या रविवारी रूथने सगळ्या नाखवांना जेट्टीवरच्या शेडमध्ये बोलावलं. ऐंशीच्या वर माणसं जमली. बरेच जण डबे परत द्यायलाच आले होते. दत्तारामांनी बावन्न नंबर तिच्यासमोर ठेवला. "घे गो बाय. ह्येचो काय उपयोग नाय."

"देऊन टाका दत्ताकाका, पण आधी पाच मिनिटं माझं ऐका," रूथ म्हणाली. तिने युस्टेसना शेडच्या एका टोकाला उभं केलं, इव्हाला दुसऱ्या टोकाला. मधे सगळी गर्दी. "आता प्रत्येकाने आपल्याला जे सांगायचंय ते समोरच्या टोकाच्या माणसाला ओरडून सांगा. सगळ्यांनी एकदम."

काय गोंगाट झाला! छतावरचे कावळे उडाले. युस्टेस गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. इव्हाने कानावर हात ठेवला आणि मान हलवली, काही कळत नाही.

"आता ओरडायचं नाही," रूथ म्हणाली. "फक्त शेजारच्याच्या कानात सांगायचं. त्याने पुढच्याच्या."

शेड शांत झाली. नुसती खसखस ऐकू येत होती. कानाला तोंड, कानाला तोंड. एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी निरोप सरकत होते आणि कुणी कुणाच्या आड येत नव्हतं. इव्हाच्या शेजारी प्रेमा उभी होती. तिने इव्हाच्या कानात सांगितलं आणि इव्हा त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली.

"काय म्हणाला गं?" लोकांनी विचारलं.

"म्हणतोय, भूक लागली, भात टाक."

शेडमध्ये हशा पिकला. पण दत्ताराम इतक्यात ऐकणार नव्हते. "बरा हा. पण उद्या दीडशे डबे झाले तर पुन्हा वाट लागतली."

"लागेल," रूथ सरळ म्हणाली. "मी खोटं नाही सांगणार. डबे वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होणारच, कितीही हुशारी करा. म्हणून हातोहात तेवढंच पाठवायचं ज्याची घाई आहे. बरा आहे आणि मदत, एवढंच. बोंबलाची घाई नाही."

"नाय कशी? बर्फ?"

तेव्हा इव्हा पुढे आली. "बर्फाचं माझ्यावर आणि प्रेमावर सोड. रोज सकाळी आम्ही दोघी घरोघर विचारू आणि सगळ्या गावाचा बर्फ एकदम सांगू. पहिला कोण ही शर्यतच नको."

"आणि बोंबील तर तुमच्या होडीतूनच घरी येतो ना काका?" रूथ म्हणाली. "मग त्याचा निरोपही होडीतूनच येऊ दे. जी होडी घराकडे निघालीय तिच्या डब्याच्या कानात सांगा. तो पोटात ठेवेल आणि जेट्टीजवळ आला की घरच्या डब्याला सांगेल. दोनच कुजबुजी. वाटेत कुणाला त्रास नाही. थोडा उशीर होईल, बस."

दत्तारामांनी बावन्न नंबरकडे बघितलं, मग तो उचलून काखेत मारला. "बघूया एक म्हयनो," म्हणाले.

त्या संध्याकाळी सगळ्या डब्यांची गोल बटणं खाली आली. बांबू सुटले. मला पुन्हा डोलकाठीवर चढवताना इव्हाने स्वतः माझे खटके लावले. लावण्याआधी रबर पदराने पुसलं. तिसऱ्याच दिवशी तिच्या फळीवर तीन वाजून चार मिनिटांनी हिरवा दिवा लागला आणि त्यानंतर तो एकदाही चुकला नाही. इतर डबे ओरडायचे बंद झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की समुद्र मुळात किती शांत असतो.

वर्षं गेली. मी म्हातारा झालो. आता थोडं दुःखाचं सांगतो, पण तक्रार म्हणून नाही. युस्टेसचा माझ्यावर इतका विश्वास बसला होता की ते माझी काळजी घ्यायचं विसरले. खाऱ्या हातांनी झाकण उघडायचे, चारातले दोनच खटके लावायचे. रबर वाळलं, चीर पडली. आत ओल गेली, तारांवर हिरवट मीठ चढलं. बॅटरी फुगली. रूथ म्हणायची, "पप्पा, रविवारी नवीन बॅटरी घालते."

"सात नंबरला काय धाड भरलीय," युस्टेस म्हणायचे. मला अभिमान वाटायचा, आणि भीतीही.

मग मार्च महिन्यातली ती दुपार आली. युस्टेसनी जाळं ओढायला घेतलं आणि जाळ्याची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंडाळली गेली. इंजिन आचके देऊन बंद पडलं. ओहोटी लागली होती आणि पाणी होडीला खडकांकडे ओढत होतं. नांगर टाकला तर तो वाळूत धरेना. होडीवर युस्टेस आणि दोन खलाशी. खडक साध्या डोळ्यांनी दिसत होते, त्यांच्यावर फुटणारा फेसही दिसत होता. युस्टेसनी लाल बटण दाबलं.

माझ्या अंगात सकाळपासूनच त्राण नव्हतं. खरं सांगतो, ओरडायचं म्हटलं असतं तर मला ओरडताच आलं नसतं. घर कुठे, मी कुठे. माझा आवाज जेमतेम शेजारच्या होडीपर्यंत जाईल एवढाच उरला होता. जुने दिवस असते तर त्या कलकलाटात मला कुणी विचारलंही नसतं. पण आता समुद्र शांत होता. सगळ्यांचे बोंबील आपापल्या होड्यांच्या पोटात गुपचूप घरी चालले होते. मी कुजबुजलो, 'मदत पाहिजे'.

शेजारी बावन्न नंबर होता.

दत्तारामांची होडी भरून घराकडे निघाली होती. आठ टोपल्या बोंबील, ऊन तापलेलं. बावन्नचा लाल दिवा लागला. बावन्नने पोटातले सगळे निरोप बाजूला ठेवले आणि माझा शब्द तीस नंबरला दिला, तीसने पुढे. दत्तारामांनी दिवा बघितला, एक शिवी हासडली आणि होडी वळवली. खडक तीस-चाळीस हातांवर आले असतील तेव्हा त्यांनी दोरी फेकली.

"तुझा बोंबील खराब होईल रे!" युस्टेस ओरडले.

"गप रव आणि दोरी धर!" दत्ताराम त्यांच्यावर खेकसले.

दोरी ताणली. होडी एकदा कुरकुरली आणि खडकांकडे पाठ करून हळूहळू निघाली. युस्टेस डोलकाठीला टेकून बसले. मग त्यांनी हात वर केला आणि हिरवं बटण दाबलं.

मित्रांनो, मी आयुष्यात हजारो शब्द वाहिले, पण त्या शब्दाइतकं जड मला काही वाटलं नाही. बॅटरीत एका कुजबुजीपुरतंच काय ते उरलं असावं. मी ती बावन्नच्या कानात सांगितली. मग माझे दोन्ही दिवे विझले आणि मला पुढचं काही कळलं नाही.

पुढचं मला प्रेमाच्या तोंडून ऐकायला मिळालं. इव्हाच्या फळीवर लाल दिवा लागला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती जेट्टीकडे धावली नाही. म्हणाली, "दिवा इथे आहे, मी इथेच बसणार." प्रेमा तिचा हात धरून बसली. वीस मिनिटं गेली. मग हिरवा दिवा लागला. इव्हाने तांदूळ निवडायचं ताट उचललं, उठली आणि मोठं पातेलं काढलं. म्हणाली, "प्रेमा, आज तुमचा भात पण इथेच." दत्तारामांच्या आठांपैकी पाच टोपल्या वाया गेल्या होत्या. त्या रात्री दोन्ही घरांनी उरलेल्या बोंबलाचं कालवण एकत्र खाल्लं आणि वाया गेलेल्या टोपल्यांचा विषय कुणी काढला नाही.

मोसम संपल्यावर युस्टेसनी समुद्रावर जाणं सोडलं. हल्ली पडवीत बसून लोकांची जाळी विणतात. रूथने माझ्या तारांवरचं मीठ ब्रशने घासून काढलं, नवी बॅटरी घातली. चीर मात्र बुजली नाही, म्हणून समुद्र मला बंद झाला. आता मी खिडकीत बसून आमच्या गल्लीच्या होड्यांचे शब्द फळीवरच्या डब्याला देतो, कुणाचा ते नंबरासकट. दत्ताराम म्हणाले होते तसं झालंय, डबे दीडशेच्या वर गेलेत आणि प्रत्येकाचा वाटा आणखी कमी झालाय. पण दीडशे घरांत रोज हिरवा शब्द पोचतो. एवढ्या मोठ्या समुद्रावर, टॉवर नसताना, नुसत्या कुजबुजीवर. मला त्याचा अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा राबणारा डबा असेल. त्याच्यावर विश्वास टाका, पण रविवारची बॅटरी पुढच्या रविवारवर ढकलू नका. ओल्या हातांनी झाकण उघडू नका आणि चारही खटके लावा. आणि जिथे खूप जण एकदम बोलत असतील तिथे आपला आवाज चढवण्याआधी क्षणभर थांबा. तुमच्या शेजारी कुणाचातरी लाल शब्द अडकलेला असेल, आणि त्या माणसाच्या अंगात ओरडायचं त्राण उरलेलं नसेल.

आता तीन वाजून गेलेत. इव्हा ओट्याशी उभी आहे. पडवीतून युस्टेसच्या खोकण्याचा आवाज येतोय, म्हणजे तिचा माणूस घरात आहे, तिला दिव्याची गरज नाही. तरी ती दर दोन मिनिटांनी फळीकडे बघते. हे बघा, आला. बावन्न नंबर, हिरवा. इव्हा खिडकीशी येते, माझ्यावरून मान पुढे काढून समोरच्या घराचं दार उघडं आहे का बघते आणि या गल्लीतला एकच मोठा आवाज लावते.

"प्रेमा गं, भात टाक!"